नकाशाघराची हवा

"पाय पुस म्हणतेत."

बडे बाबू माझ्याशी बोलत नसत. ते मारोती चपराशाला सांगत आणि मारोती मला सांगे. मी दोन हात अंतरावर उभी असले तरी.

नकाशाघराच्या काळ्या फरशीवर माझ्या पायांचे ठसे उमटले होते. ओले, मातीचे. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत. ते पुसायचे होते. मारोतीनं दारातूनच फडकं फेकलं. मी खाली बसले. मागे मागे सरकत, एकेक ठसा पुसत दारापर्यंत आले. पाच-सहा बाबू टेबलांशी उभे होते. पुसायला वेळ लागत होता, कारण मागे सरकताना पायाचा नवा ठसा उमटायचा. तोही पुसावा लागे. उंबरठ्याबाहेर आले तेव्हा मारोतीनं तांब्यातलं पाणी शिंपडलं. मी पुसून ठेवलं होतं तिथेच.

मी आत काही चोरायला गेले नव्हते. मिस्त्रींनी पाठवलं होतं.

चांद्याजवळची कोळसा खाण. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. गोरे साहेब गेले, बंगल्यात आपले साहेब आले. माझा नवरा खाणीत छत पडून मेला. त्याच्या जागी मला ऑफिसात पाणीवाली म्हणून लावलं. पाणी पाजायला नाही. आमच्या हातचं पाणी कोण पिणार? ताट्यांवर पाणी मारायला. उन्हाळा लागला की ऑफिसच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधत. मी बाहेरून डब्यानं पाणी फेकायचं. आत बाबू लोकांना गार सुवास. बाहेर मला झळ. होळीपासून मिरगापर्यंत हेच. तीन उन्हाळे मी ते केलं.

मग ती पेटी आली.

वॅगनमधून उतरवली तेव्हा आठ माणसं लागली. खाली सागाचे ओंडके घालून, दोर लावून रेल्वेच्या सायडिंगपासून ऑफिसपर्यंत ओढत आणली. लाकडी खोका फोडला तर आत राखाडी रंगाचं लोखंडी धूड. बैलगाडीएवढं. लोक त्याला ठंडी पेटी म्हणायला लागले. उन्हाळ्यात थंड हवा, हिवाळ्यात गरम, दोन्ही एकाच पेटीतून. ती खोलीत नाही, खोलीच्या बाहेर ठेवायची. उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत.

बसवायला नागपूरहून मिस्त्री आले होते. म्हातारे, पांढरी दाढी, एका डोळ्यात फूल पडलेलं. जन्म बर्फाच्या कारखान्यात गेलेला. त्यांच्या हाताखाली द्यायला माणूस नव्हता. सगळे सायडिंगवर. मी ताट्यांचं काम जाणार म्हणून रिकामी बसले होते. मिस्त्री म्हणाले, "बाई, चल, हात लाव."

मी हात लावला. आधी ओटा बांधला, गिट्टी-सिमेंटचा. तो वाळल्यावर मिस्त्रींनी रबरी नळीत पाणी भरून चारी कोपरे बघितले. एका कोपऱ्याला बोटभर उतार ठेवला, पेटीतलं पाणी नळीवाटे बाहेर जावं म्हणून. पायांखाली रबराचे तुकडे. भिंत दोन हात जाड, दगडी. ती फोडायला तीन दिवस लागले. पेटीपासून त्या भोकापर्यंत पत्र्याचा चौकोनी बोगदा. पण पत्रा सरळ पेटीला जोडायचा नाही.

"पेटी थरथरते," मिस्त्री म्हणाले. "सीधा जोडला का थरथर भिंतीत जाते. मधात कपड्याचा गळा पाहिजे."

जाड कॅनव्हासचा गळा. तो मी शिवला. दाभणानं, मेणाच्या दोऱ्यानं, दुहेरी टाके घालून. भिंतीकडच्या टोकाला लोखंडी पट्टी आणि चार पेच. मिस्त्रींनी टाके ओढून बघितले. म्हणाले, "हा गळा फाटणार नाई." माझ्या कामाला कोणी बरं म्हटलं, असं ते पहिल्यांदाच.

पेटी चालू केली त्या दिवशी सगळे बाबू बाहेर बघायला आले होते. मिस्त्रींचा एक हात कळीवर. मला म्हणाले, "आत जा, जाळीले हात लाव. थंडी येते का सांग."

मी गेले. आत कोणी नव्हतं. भिंतीवर, टेबलांवर खाणीचे नकाशे. निळे, पांढरे, कापडावर चिकटवलेले. जमिनीखालच्या वाटा. माझा नवरा मेला ती वाटही त्यात असेल. मी जाळीला हात लावला. मे महिना होता. हातावर थंड हवा आली. नदीच्या डोहात हात घालावा तशी. मी दुसराही हात लावला. डोळे मिटले. तेवढ्यात मागे बडे बाबू.

त्यापुढचं सांगून झालं.

मिस्त्रींनी बाहेर मला सांगितलं, "गलती माझी. मले मालूम नव्हतं." मग साहेबांना म्हणाले, पेटीला रोजचा माणूस लागतो, नाहीतर सहा महिन्यांत भंगार. ही बाई ते काम शिकली आहे. साहेबांनी मान हलवली. मी राहिले.

मिस्त्री तीन महिन्यांतून एकदा येत. मधल्या दिवसांत पेटी माझी. आठवड्याला पेटीतली जाळी काढायची, धुवायची. कोळशाची धूळ, आठवड्यात जाळी काळी. पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा, बोटभर दबला तर ठीक. पंख्याला तेल. पाण्याच्या नळीत शेवाळ बसतं, तार घालून ते काढायचं. थंडीच्या आधी मुख्य कळ बंद करून गरम करायच्या तारांवरची धूळ कोरड्या कापडानं झाडायची. नाहीतर पहिल्या दिवशी जळका वास. आणि चैत्रात सावरीचा कापूस. तो सगळ्यात वाईट. जंगलाकडून उडत येतो आणि पेटीच्या मागच्या नळ्यांवर गादीसारखा बसतो. गरमी बाहेर जायला वाट राहत नाही. पेटी धापा टाकते आणि बंद पडते. वरून पाणी सोडून बारीक ब्रशनं तो काढायचा. बोटं सोलायची.

"ही पेटी थंडी बनवत नाई," मिस्त्री एकदा म्हणाले. "आतली गरमी उचलते अन् बाहेर फेकते. बस. इतकंच काम."

ते मला पटलं. कारण ती गरमी माझ्या तोंडावर येई. मागच्या बाजूला मोठा पंखा, त्यातून दिवसभर भट्टीसारखा वारा. बाबूंच्या अंगची, त्यांच्या दिव्यांची, त्यांच्या चहाची सगळी गरमी तिथून बाहेर पडायची. मी तिथे बसून जाळी घासायची.

एक गोष्ट सांगते. मी जाळी धुऊन उन्हात ठेवली की मारोती तांब्या घेऊन यायचा. बड्या बाबूंचा हुकूम. जाळीवर चार थेंब शिंपडायचा. मग ती पेटीत घालायची. घालायची मीच. माझ्याच हातानं. मारोती खाली बघत शिंपडायचा. एकदा मी विचारलं, "भाऊ, यानं काय होते?"

"मले काय मालूम," तो म्हणाला. "सांगतेत ते करतो."

त्याच साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली, देव सोडले. घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि इरईच्या पाण्यात सोडले. मीही सोडले. नवऱ्याच्या आईचे होते, पितळेचे. वाटलं, आता काही बदलेल. दुसऱ्या दिवशी जाळी धुतली. मारोती तांब्या घेऊन आला.

मी जाळी पेटीत घातली. थकले होते. राग यायलाही अंगात काही असावं लागतं.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सोमी नावाची एक रेजा होती. रेजा म्हणजे टोपलीनं कोळसा वाहणारी बाई. गडचिरोलीच्या पलीकडच्या जंगलातली, गोंडाची. मोहफुलं वेचून झाली की उन्हाळ्यापुरती कामाला यायची. माझ्यापेक्षा लहान. दुपारी माझ्याकडे यायची, भिंतीच्या सावलीत भाकर खायला. माझ्या हातचं पाणी प्यायची. आमचं फारसं बोलणं व्हायचं नाही. तिची मराठी थोडी, माझी गोंडी त्याहून थोडी. ती पेटीला कान लावायची आणि हसायची.

रविवार होता. वॅगन आल्या म्हणून रविवारीही कोळशाची भराई. मीही होते. ऑफिस बंद असलं तरी पेटी चालू ठेवायची असा हुकूम. नकाशांना गरमी चालत नाही, कापड फुगतं, रेषा सरकतात.

बारा वाजले असतील. बायका ओरडत आल्या. सोमीला चौघींनी उचलून आणलं होतं, ती वॅगनला लावलेल्या फळीवरून पडली. अंग तव्यासारखं. पण घाम नाही. टिपूसही नाही. डोळे उघडे, बघत कुठेच नाही. तोंडानं एकच चाललेलं, "येर, येर." येर म्हणजे पाणी. पाणी तोंडाला लावलं तर गिळेना.

कंपाउंडर आला. त्यानं हात लावून बघितला आणि चेहरा उतरला. "लू लागली. लय जोरात. थंड जागी न्या, अंग ओलं ठेवा. लॉरी चार वाजता येईन, मंग चांद्याले नेऊ. पण चारपर्यंत हे अशीच राहिली तर सांगता येत नाई."

थंड जागा. आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघितलं. सायडिंगवर पत्र्याचं छप्पर. झोपड्या त्याहून गरम. दवाखान्याची खोली म्हणजे चुलाण. थंड जागा एकच. आमच्यापासून चाळीस पावलांवर. कुलूप लावलेली. आत कोणी नाही.

मी धावत बड्या बाबूंच्या क्वार्टरला गेले. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. मारोती पाय चेपत होता. मी पायरीखालून सांगितलं. चावी द्या. एक बाई मरून राह्यली. तीन-चार घंटे. फरशीवर नाही निजवत, बाहेरून चटई आणतो.

त्यांनी मारोतीकडे बघितलं. त्याला म्हणाले, "सांग तिला, आत नकाशे आहेत. नकाशांना गरमी चालत नाही."

मारोती पाय चेपत राहिला. मी थेट विचारलं, "अन् तिले चालते?"

तेव्हा ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. समजावून सांगावं तसं म्हणाले, "तुम्हाला उन्हाची सवय असते."

ते शिवी देत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्या माणसानं माझ्याशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी परत फिरले. पायाखाली माती भाजत होती, ते कळत होतं. म्हणजे सवय झाली नव्हती. कधीच झाली नव्हती. इतकी वर्षं मी समजत होते की झाली आहे.

मी पेच काढायचा पाना घेतला. पेटी आणि भिंतीच्या मध्ये दोन हात जागा होती. तिथे गेले. गळ्याच्या भिंतीकडच्या पट्टीचे चार पेच. पहिला गच्च होता. दुसरा, तिसरा, चौथा. पट्टी निघाली. कॅनव्हासचा गळा सुटून खाली लोंबला आणि नकाशाघरात जाणारी सगळी हवा बाहेर पडली. थंड. जोरात. माझ्या छातीवर.

"आणा तिले," मी म्हटलं. "इथी आणा."

बायकांनी सोमीला त्या जागेत निजवलं. मी लुगडं भिजवून तिच्या अंगावर टाकलं. एकजण पाणी ओतत राहिली. गळ्याचं तोंड हातात धरून मी तिच्या मानेवर, काखेत, पोटावर हवा सोडत राहिले. आखडलेली बोटं हळूहळू सैल पडली. बायका भिंतीशी बसल्या. त्यांच्याही अंगावर ती हवा येत होती. एक म्हातारी म्हणाली, "असं असते व माय आतमंदी?"

बडे बाबू आले तेव्हा अर्धा-पाऊण घंटा झाला असेल. कोणीतरी सांगितलं असणार. त्यांनी बघितलं आणि ओरडले, "जोड बांध! आत्ताच्या आत्ता बांध!"

"नाई बांधत," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"हिचं अंग उतरेपर्यंत नाई बांधत."

माझा आवाज मला अनोळखी वाटला. पण गळा मी सोडला नाही. ते मारोतीवर खेकसले, "तू बांध." मारोतीनं चार पेचांकडे बघितलं. पाना माझ्या पायाशी पडला होता. वर्षभर तो रोज मला बघत होता. चार पेच आवळणं त्याला कठीण नव्हतं.

"मले ते काम येत नाई साहेब," मारोती म्हणाला.

बडे बाबू स्वतः पुढे येऊ शकत होते. पण त्या दोन हातांच्या जागेत आम्ही सहा बायका होतो. आत यायचं तर आमच्या अंगाला अंग लागलं असतं. ते तिथेच उभे राहिले. मग गेले.

साडेतीनच्या सुमारास सोमीनं पाणी गिळलं. मला बघितलं. लॉरी आली, तिला नेलं. मी चारी पेच आवळले, टाके तपासले, पेटीचा आवाज ऐकला. ठीक होती. मग घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी व्हरांड्याखाली बोलावलं. टेबलावर कागद, शाईची पेटी. बडे बाबू म्हणाले, "अंगठा लाव. नोकरी राहील."

"काय लिवलं?"

"तुझ्या फायद्याचंच आहे."

"वाचून दाखवा."

त्यांना ते लागलं. साहेब वैतागले, म्हणाले, वाचा, संपवा. बाबूंनी वाचलं. मी दारूच्या नशेत होते. मी मशीन मोडलं. मी माफी मागते.

मला वाचता येत नव्हतं. त्यांनी वाचलं नसतं तर माझ्या अंगठ्याखाली हे आयुष्यभर राहिलं असतं. त्याआधी किती कागदांवर अंगठे दिले होते. नवरा मेला तेव्हाही दिला होता. त्यात काय होतं, आजपर्यंत माहीत नाही. अक्षरं मी पुढे शिकले, ती या एका सकाळमुळे.

मी म्हटलं, "दारू म्या कधी पेली नाई. मशीन मोडली नाई, गळा सोडला अन् पुन्हा बांधला. थंडी नकाशायची होती, ते म्या माणसाले देली. असं लिवा. मंग अंगठा देईन."

साहेबांनी कागद बाजूला सारला. "काढून टाका हिला."

सोमी वाचली. पण पुरती नाही. जीभ जड झाली. हातात काही धरलं की हात थरथरे. टोपली उचलता येईना. तिचे लोक आले आणि तिला जंगलात घेऊन गेले. ती पुन्हा दिसली नाही. कोणी तिला विचारलं नाही, कोणी माफी मागितली नाही. नकाशे मात्र होते तसेच राहिले, असं नंतर ऐकलं. त्या तीन घंट्यांत एकही रेष सरकली नव्हती.

मी वरोऱ्याच्या सडकेवर गिट्टी फोडायला लागले. पाठ मोडायची. उन्हाला आडोसा नव्हता. घरी आल्यावर भाकर थापायचा कंटाळा यायचा, पाणी पिऊन पडायची. कधी कधी वाटायचं, अंगठा दिला असता तर निदान सावली असती. खोटं कशाला बोलू. वाटायचं.

चैत्र लागला. एक दिवस मारोती शोधत शोधत सडकेवर आला. घामानं भिजलेला. म्हणाला, "बाई, पेटी बंद पडली. चार दिवस झाले. मिस्त्री आजारी आहेत, नागपूरहून दुसरा माणूस यायले पंधरा दिवस लागतेत. बडे बाबू बलावतेत. नोकरी परत देतो म्हणतेत."

मी सडकेच्या कडेला बघितलं. झाडाखाली सावरीचा कापूस पसरला होता. पेटीला काय झालं, ते मला इथूनच कळलं. एका घंट्याचं काम. वरून पाणी, ब्रश, बस.

"शिंपडणं बंद झालं?" मी विचारलं.

"नाई," तो म्हणाला.

"दवाखान्यात तशी पेटी बसवतीन काय? लू लागलेल्या बायकायसाठी?"

"तुह्या म्हणण्यानं थोडीच बसवतीन?"

"मालूम आहे मले."

"मंग काय सांगू?"

"सांग, मले ते काम येते. अन् मी करत नाई."

मारोती उन्हातून परत गेला. लांबवर तो दिसत होता. त्याला परत बोलवावं असं क्षणभर वाटलं, कारण घरात पीठ नव्हतं. मी बोलावलं नाही.

त्या दिवशी मनाशी पक्कं केलं आणि आजवर तसंच वागले आहे. कष्ट करीन. कोणतेही करीन. पण जिथे माझ्यासारखीला मरतानाही आत घेत नाहीत, त्या जागेसाठी मी एक पेच आवळणार नाही, एक टाका घालणार नाही. उपाशी राहीन. हात देणार नाही.